अपडेट हवं, पण बिघाड नको! 'डेबियन'वाले मुद्दाम जुनं सॉफ्टवेअर का वापरतात?

२९ मार्च २०२४. गुड फ्रायडेचा दिवस. जगभरातल्या अनेक आयटीवाल्यांनी लाँग वीकेंडचा प्लॅन केला होता. तेवढ्यात आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरने एक ई-मेल टाकला आणि सगळ्यांचा वीकेंड वाया गेला.

फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतात आणि 'पोस्टग्रेस' या डेटाबेसचे डेव्हलपर आहेत. आपल्या कॉम्प्युटरवर काही चाचण्या घेताना त्यांच्या लक्षात आलं की, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, "नेट स्लो असेल." त्यांनी मात्र खोदून बघितलं आणि सापडला एक चोरदरवाजा. 'एक्सझेड' नावाच्या, फाईल छोट्या करण्याच्या एका साध्या टूलमध्ये कोणीतरी असा कोड लपवला होता, ज्यामुळे जगभरातल्या असंख्य सर्व्हरमध्ये बाहेरून शिरता आलं असतं.

आता यातली खरी गंमत बघा. ज्यांनी एक्सझेडचं अगदी ताजं, म्हणजे ५.६.० किंवा ५.६.१ व्हर्जन घेतलं होतं, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये हा कोड पोहोचला होता. 'डेबियन स्टेबल' वापरणाऱ्यांकडे होतं जुनं ५.४.१. त्यांना काहीच झालं नाही.

आपल्याला लहानपणापासून काय सांगितलंय? अपडेट करा, सुरक्षित राहा. मग इथे जुन्यावर बसलेले लोक कसे वाचले? जुनं वापरणं शहाणपणाचं आहे का? आणि ही डेबियन नक्की भानगड काय आहे?

सगळं सोपं करून बघूया.

डेबियन म्हणजे काय?

विंडोज जशी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तशीच लिनक्सवर चालणारी डेबियन. १६ ऑगस्ट १९९३ ला इयान मर्डॉक या कॉलेजमधल्या पोराने ती सुरू केली. तेव्हाची त्याची गर्लफ्रेंड डेब्रा आणि तो स्वतः इयान, दोघांची नावं जोडून झालं 'डेबियन'.

विंडोजच्या मागे मायक्रोसॉफ्ट आहे, आयफोनच्या मागे ॲपल. डेबियनच्या मागे कुठलीच मालक कंपनी नाही. जगभरातले सुमारे हजार अधिकृत डेव्हलपर आणि त्यांच्याशिवाय मदत करणारे कितीतरी लोक ती बनवतात. काहींना त्यांच्या कंपन्या या कामासाठी वेळ देतात, पण डेबियन स्वतः कोणाला पगार देत नाही. मराठीत आपण ज्याला 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणं' म्हणतो ना, तेच हे. फरक इतकाच की या भाकऱ्यांवर अर्धं जग जेवतंय.

कारण लोकप्रिय 'उबंटू' डेबियनवरच उभी आहे. शाळा-कॉलेजात प्रोजेक्टला वापरतात त्या 'रास्पबेरी पाय'ची सिस्टिमही तिच्यावरच आधारलेली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बनवलेली भारतीय सिस्टिम 'बॉस' डेबियनवर बेतलेली आहे. २०१३ मध्ये तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातले लॅपटॉप विंडोजवरून डेबियनवर नेण्यात आले होते.

'स्टेबल' या शब्दाचा खरा अर्थ

इथे बहुतेकांची गल्लत होते. स्टेबल म्हटलं की आपल्याला वाटतं, "कधीच हँग न होणारी". डेबियनमध्ये स्टेबलचा अर्थ आहे, "मधूनच न बदलणारी".

समजा, आज तुम्ही डेबियनची स्टेबल आवृत्ती टाकली. त्यात हजारो सॉफ्टवेअर आहेत. यातल्या बहुतेक सगळ्यांचं व्हर्जन पुढची आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षं, तेच राहणार. बटणं जागची हलणार नाहीत. काल चाललेला प्रिंटर उद्याही चालणार. दरम्यान फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर बिघाडांच्या दुरुस्त्या येणार.

सध्याचं उदाहरण घ्या. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आली. नाव 'ट्रिक्सी'. तिच्यात ६९ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. डेस्कटॉपसाठी 'ग्नोम'चं ४८ वं व्हर्जन आहे. आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यातच, सप्टेंबरमध्ये ग्नोम ४९ बाजारात आलं! म्हणजे नवीकोरी आवृत्ती टाकलेला माणूसही दिवाळीआधीच 'जुना' झाला. ट्रिक्सी स्टेबल आहे तोवर तिच्यात ग्नोम ४९ येणार नाही.

नव्याची हौस असलेल्याला हे वाचूनच घाम फुटेल. पण एखाद्या हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा. त्याला नवीन आयकॉन नको असतात. त्याला रात्री फोन वाजायला नको असतो.

नवं सॉफ्टवेअर आत येतं तरी कसं?

डेबियनच्या सगळ्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या पात्रांची नावं असतात. बझ, वुडी, जेसी, बुकवर्म, ट्रिक्सी. या सिनेमात सिड नावाचा एक शेजारचा पोरगा आहे, जो खेळणी मोडतो. डेबियनच्या 'अनस्टेबल' विभागाचं कायमचं नाव आहे सिड!

नवीन सॉफ्टवेअर आधी या सिडकडे जातं. तिथे मोडतोड होणार, हे सगळ्यांना माहीत असतं. सहसा २ ते १० दिवस ते तिथे राहतं. या काळात कोणी नवा गंभीर बग नोंदवला नाही आणि बाकीच्या सॉफ्टवेअरशी त्याचं जमलं, तर ते पुढच्या 'टेस्टिंग' विभागात जातं. साधारण दोन वर्षं टेस्टिंगमध्ये असं सगळं गोळा होत राहतं.

मग येतो 'फ्रीझ'. म्हणजे दार हळूहळू बंद करायचं. ट्रिक्सीच्या वेळी १५ मार्च २०२५ पासून मोठे फेरबदल थांबवले. १५ एप्रिलला नियम आणखी कडक झाले, १५ मेला अजून कडक आणि २७ जुलैला जवळपास पूर्ण कुलूप. या पाच महिन्यांत नवं आणणं जवळपास बंद आणि बग मारणं चालू. लोणचं घातलं की आई बरणीला हात लावू देत नाही, मुरू देते, तसंच.

फ्रीझचा एक तोटा उघड आहे. दार बंद असताना बाहेरचं जग थांबत नाही. आवृत्ती बाहेर पडते तेव्हाच तिच्यातलं बरंचसं सॉफ्टवेअर काही महिने जुनं असतं.

मग सुरक्षेचं काय?

आता तुम्ही म्हणाल, जुनं व्हर्जन म्हणजे जुनी भोकं. हॅकरला आयतंच कुरण!

यावर डेबियनचं उत्तर आहे 'बॅकपोर्टिंग'. समजा, एखाद्या सॉफ्टवेअरच्या दहाव्या व्हर्जनमध्ये सुरक्षेची एक चूक दुरुस्त झाली. डेबियनमध्ये आहे आठवं. तर डेबियनवाले अख्खं दहावं व्हर्जन घेत नाहीत. त्यातली फक्त दुरुस्ती काढतात आणि ती आठव्यात बसवतात. घर तेच, फक्त फुटलेली पाइपलाइन बदलली.

म्हणूनच नुसता व्हर्जनचा आकडा बघून "हे असुरक्षित आहे" असं म्हणता येत नाही. आकडा जुना असला तरी आतली दुरुस्ती कालची असू शकते.

ऐकायला सोपं वाटतं, पण काम किचकट आहे. आठव्या आणि दहाव्यामध्ये कोड पार बदललेला असू शकतो. दुरुस्ती बसवणारा माणूस तो कोड मुळात लिहिणारा नसतो. आणि इथेच डेबियनने एकदा जबरदस्त मार खाल्लाय.

२००८ ची ती चूक

इंटरनेटवरच्या कुलूप-किल्ल्या बनवणारं 'ओपनएसएसएल' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. २००६ मध्ये डेबियनच्या एका स्वयंसेवकाने त्याच्या डेबियनमधल्या प्रतीत एक छोटासा बदल केला. कोड तपासणारं एक टूल सारखी वॉर्निंग देत होतं, म्हणून. हेतू चांगलाच होता. पण त्या बदलाने किल्ली बनवताना लागणारा अंदाज न येण्याजोगेपणाच जवळपास संपला. प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी उरल्या फक्त ३२,७६८ शक्यता. कॉम्प्युटरसाठी एवढ्या किल्ल्या लावून बघणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

हा बदल सिडमधून टेस्टिंगमध्ये गेला. २००७ मध्ये स्टेबल आवृत्तीतही गेला. फ्रीझ झाला, चाचण्या झाल्या, कोणाच्याच लक्षात आलं नाही. मे २००८ मध्ये चूक बाहेर आली, तेव्हा डेबियन आणि उबंटू वापरणाऱ्या जगभरच्या लोकांना आपल्या किल्ल्या फेकून नव्या बनवाव्या लागल्या.

म्हणजे २०२४ मध्ये जुनं वापरल्यामुळे लोक वाचले, आणि २००८ मध्ये स्टेबल वापरूनही सापडले. मग धडा काय घ्यायचा?

धडा असा की, नुसतं थांबल्याने सॉफ्टवेअर सुरक्षित होत नाही. थांबलेल्या काळात कोणीतरी ते उघडून बघावं लागतं. २००८ च्या आधी दीड वर्षाहून जास्त काळ कोणी बघितलं नाही. २०२४ मध्ये एकाने बघितलं. आणि एक महत्त्वाची गोष्ट: आंद्रेस फ्रॉइंड त्या दिवशी स्टेबल वापरत नव्हते. ते सिड वापरत होते! खेळणी मोडणाऱ्या पोराच्या अंगणात खेळणाऱ्या एका माणसामुळे बाकीच्यांची घरं वाचली. त्यांना ते सापडलं नसतं, तर तोच कोड पुढे ट्रिक्सीमध्ये गेला असता आणि तिथे वर्षानुवर्षं, स्टेबलच्या शिक्क्यासह, बसला असता.

घाई हेसुद्धा हत्यार आहे

एक्सझेड प्रकरणात आणखी एक गोष्ट फार बोलकी आहे. एक्सझेड हे टूल वर्षानुवर्षं लासे कॉलिन नावाचा एकच माणूस सांभाळत होता, तोही बिनपगारी. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांवरून त्याच्यावर दबाव यायला लागला. बदल लवकर का घेत नाही? प्रोजेक्ट दुसऱ्या कोणाकडे का देत नाही? हा प्रोजेक्ट आपण फावल्या वेळात, पैसे न घेता करतो, हे त्याने तेव्हा सांगितलंही. शेवटी 'जिया टॅन' नावाने मदत करणाऱ्या एकाला त्याने अधिकार दिले. दोन वर्षं विश्वास कमावलेल्या याच जिया टॅनच्या नावाने चोरदरवाजा आत आला. या नावामागे कोण होतं, हे आजवर उघड झालेलं नाही.

चोरदरवाजा बसवल्यावर पुढचा दबाव आला, तो डेबियन, उबंटू आणि फेडोरासारख्या सिस्टिम्सवर. नवं व्हर्जन लवकर घ्या म्हणून. म्हणजे "अजून जुनंच का वापरता?" हा आपल्या सगळ्यांच्या तोंडातला प्रश्न हल्लेखोराने हत्यार म्हणून वापरला.

पण वाट बघण्याचीही किंमत असते

आता दुसरी बाजू. सावधपणा किती ताणायचा? २००२ च्या जुलैमध्ये डेबियनची 'वुडी' आली. पुढची 'सार्ज' यायला जून २००५ उजाडलं. जवळपास तीन वर्षं! या काळात नवीन कॉम्प्युटर घेतलेल्यांची पंचाईत झाली, कारण जुन्या सिस्टिमला नवं हार्डवेअर ओळखताच येईना.

याच काळात मार्क शटलवर्थ यांनी डेबियनचंच सॉफ्टवेअर उचललं, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचं वचन दिलं आणि ऑक्टोबर २००४ मध्ये उबंटू आणली. सामान्य लोक तिकडे वळले. डेबियननेही पुढे दर दोन वर्षांनी फ्रीझ करायचं ठरवलं. तरी रिलीजची तारीख आधी ठरवून वाटेल ते बाहेर काढायचं नाही, तयार झाल्यावरच काढायचं, हा बाणा कायम आहे.

मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचीही तक्रार असते. 'एक्सस्क्रीनसेव्हर'चे लेखक जेमी झविन्स्की यांचं डेबियनशी यावरून चांगलंच वाजलं होतं. आपण कधीच दुरुस्त केलेल्या बगबद्दल लोक अजून आपल्यालाच विचारतात, कारण डेबियन जुनं व्हर्जन वाटतेय, हे त्यांचं दुखणं. त्यांनी तर सॉफ्टवेअरमध्येच "हे व्हर्जन फार जुनं आहे" असा इशारा टाकून दिला. त्यांचा मुद्दा खोटा नाही. जुनं सांभाळण्याचा त्रास फक्त डेबियनला होत नाही, मूळ लेखकालाही होतो.

आणि काही ठिकाणी जुनं धरून ठेवणं शक्यच नसतं. वेब ब्राऊझर घ्या. तो इतका मोठा आहे आणि त्यात सुरक्षेच्या चुका इतक्या सतत सापडतात की, एक-एक दुरुस्ती उचलून जुन्यात बसवणं स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून डेबियनने इथे स्वतःचाच नियम मोडलाय. स्टेबलमध्येही क्रोमियमची नवी व्हर्जन्स येतात आणि फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती पुढे सरकत राहते.

बाकीचे काय करतात?

प्रत्येकाने आपापला मध्य शोधलाय. 'आर्च लिनक्स'मध्ये आवृत्ती हा प्रकारच नाही, नवं आलं की थोड्याच दिवसांत तुमच्याकडे. 'फेडोरा' साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्ती सुमारे १३ महिने सांभाळली जाते. उबंटू दर दोन वर्षांनी एक दीर्घ मुदतीची आवृत्ती देते. डेबियनची आवृत्ती पहिली तीन वर्षं मुख्य टीम आणि पुढची दोन वर्षं वेगळी टीम सांभाळते. या शेवटच्या दोन वर्षांचं काम बऱ्याच अंशी कंपन्यांनी दिलेल्या पैशांतून चालतं.

शेवटचं वाक्य परत वाचा. नवीन काहीतरी बनवायला स्वयंसेवक हौसेने येतात. पाच वर्षं जुन्या कोडला ठिगळं लावायला हौस पुरत नाही. लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं काम करणाऱ्यांनीही २०२३ मध्ये दीर्घ मुदतीचा सांभाळ सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणत असल्याचं सांगितलं. कारण तेच, सांभाळणारी माणसं थकली होती.

म्हणून 'स्टेबल की लेटेस्ट' हा वाद वरवर तंत्रज्ञानाचा दिसतो, पण खाली तो माणसांच्या वेळेचा आहे. तुम्हाला स्थिर सिस्टिम हवी असेल, तर कोणीतरी तिचं कंटाळवाणं काम करत बसलेलं असतं. तुम्हाला ताजी हवी असेल, तर मोडलेलं जोडण्याचं काम तुमच्या वाट्याला येतं.

मग आपण काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. घरातल्या अनेक जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही. त्यामुळे "लिनक्स टाकू का?" हा प्रश्न आता व्हॉट्सॲप ग्रुपवरही दिसायला लागलाय. तुमचाही असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

- आई-बाबांचा लॅपटॉप, दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर, ऑफिसचा सर्व्हर, म्हणजे जिथे बिघडलं तर काम अडतं, तिथे डेबियन स्टेबल किंवा दीर्घ मुदतीची उबंटू.
- लॅपटॉप नुकताच घेतलाय, लेटेस्ट ग्राफिक्स कार्ड आहे, तर फेडोरासारखी ताजी सिस्टिम सोपी जाईल. जुन्या कर्नलला नवं हार्डवेअर ओळखता न येण्याची शक्यता असते.
- बाकी सगळं स्थिर, पण एखादंच ॲप ताजं हवंय? तर 'फ्लॅटपॅक' वापरा. पाया जुना ठेवून वरचं एकच ॲप नवं घेता येतं. डेबियनच्या 'बॅकपोर्ट्स' विभागातूनही निवडक नवी पॅकेजेस मिळतात.
- काहीही टाका, सुरक्षेची अपडेट्स बंद करू नका. स्टेबल म्हणजे "अपडेट न करणं" नव्हे. दुरुस्त्या न घेतलेली स्टेबल म्हणजे मेंटेनन्स थांबलेली लिफ्ट. चालते, तोवर चालते.
- आणि बॅकअप घ्या. हे कुठल्याच सिस्टिमवर चुकत नाही.

शेवटी एक प्रश्न उरतोच. एक्सझेडमधला चोरदरवाजा कुठल्या कंपनीच्या सुरक्षा विभागाला सापडला नाही, कुठल्या सरकारी यंत्रणेलाही नाही. अर्ध्या सेकंदावरून शंका आलेल्या एका माणसाला तो सापडला. पुढच्या वेळी सिडच्या अंगणात असं कोणी असेलच, याची हमी कोणीच देत नाही. ते अंगण राखणारे बहुतेक लोक आपली नोकरी संपवून, रात्री जेवण झाल्यावर, फुकट काम करतात. त्यांच्या सॉफ्टवेअरवर कोट्यवधींचा धंदा करणाऱ्या कंपन्यांनी त्यातला थोडा भार उचलायचा की नाही, यावर पुढची स्टेबल आवृत्ती किती 'स्टेबल' असेल, हे ठरणार आहे.

डेबियनच्या त्या पुढच्या आवृत्तीचं नावही ठरलंय, 'फोर्की'. टॉय स्टोरीमध्ये एका लहान मुलीने कचऱ्यातल्या चमच्याला हातपाय चिकटवून बनवलेलं खेळणं आहे ते. सगळं जोडून-जोडून उभं राहिलेलं, आणि तरी कोणीतरी जीव लावून सांभाळलेलं.